विजेची मोटार आणि घरचा प्लग

हिरव्या नंबरपाटीची मोटार आता नवलाईची राहिलेली नाही. शहरात तर ती प्रत्येक चौकात दिसते, आणि तालुक्याच्या गावीही एखाददुसऱ्या अंगणात उभी असते. पेट्रोलची गाडी पंपावर जाऊन भरून घेता येते. विजेच्या मोटारीचे बहुतेक 'खाणे' मात्र घरीच, आणि तेही रात्रीच्या वेळी होते. त्यामुळे अशी मोटार घ्यायची ठरली, की घरात पहिली चर्चा सुरू होते ती चार्जरची. बाजारात ३.३ किलोवॅट, ७.२ किलोवॅट, ११ किलोवॅट, २२ किलोवॅट असे निरनिराळ्या शक्तींचे चार्जर मिळतात. यांतला कोणता घ्यावा? ज्याचा आकडा सर्वांत मोठा तो सर्वांत चांगला, असे पुष्कळांना वाटते. काहींना उलट वाटते, की कपड्यांची इस्तरी लावतो त्याच प्लगमध्ये गाडी लावली, की काम झाले!

विद्यार्थी मित्रांनो, या दोन्ही समजुती तपासून पाहण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. शाळेच्या पदार्थविज्ञानात तुम्ही जी दोन सूत्रे शिकता तेवढी पुरतात. पहिले, शक्ती = विद्युतदाब × प्रवाह. दुसरे, जूलचा नियम : उष्णता = प्रवाहाचा वर्ग × रोध × वेळ. परीक्षेत चार गुणांसाठी पाठ केलेली ही सूत्रे घरातल्या माणसांच्या सुरक्षिततेशी कशी जोडलेली आहेत, ते आज आपण पाहू या.

चार्जर नेमका कुठे असतो?

आपल्या घरात येणारी वीज प्रत्यावर्ती स्वरूपाची असते. तिचा दाब २३० व्होल्ट आणि कंप्रता सेकंदाला ५० आवर्तने इतकी असते. गाडीतील घटमालेला, म्हणजे बॅटरीला, मात्र एकदिश प्रवाह लागतो. म्हणून कुठेतरी प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करावेच लागते. हे काम करणारे यंत्र म्हणजे खरा चार्जर होय, आणि घरी चार्जिंग करताना तो भिंतीवर नसतो! तो गाडीच्या आत, निर्मात्यानेच बसवून दिलेला असतो.

मग भिंतीवर जी पेटी बसवतात ती काय करते? तिला सर्वजण चार्जर म्हणतात, म्हणून आपणही म्हणू. पण ती मुख्यतः एक हुशार स्विच आहे. गाडी नीट जोडली गेली आहे का, अर्थिंग ठीक आहे का, हे ती तपासते, किती प्रवाह घ्यायचा ते गाडीला सांगते, आणि मगच वीज सोडते. काही बिघाड झाला, तर ती वीज तोडते. गाडीबरोबर मिळणाऱ्या सुट्या केबलच्या मध्यावर एक छोटी डबी असते. तीही हेच काम करते.

महामार्गावरच्या जलद चार्जिंग केंद्रात मात्र रूपांतर करणारे यंत्र बाहेरच्या मोठ्या कपाटात असते आणि तेथून एकदिश प्रवाह सरळ बॅटरीला दिला जातो. म्हणूनच तेथे ५० किलोवॅट किंवा त्याहून अधिक शक्तीने गाडी चार्ज होऊ शकते. घरच्या चार्जरची तुलना त्याच्याशी करू नये.

घरच्या प्लगवर मोटार चार्ज करणे ही गोष्ट तशी आपल्याकडे अगदी नवी नाही. २००१ मध्ये बंगळूर येथे तयार झालेली 'रेव्हा' ही छोटी मोटार घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगवरच चार्ज होत असे. तिच्यात शिसे-आम्ल प्रकारचे, ६ व्होल्टचे आठ संच एकसर जोडणीत होते. आजच्या गाड्यांत लिथियम-आयन घट असतात. त्यांच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घट बदलले, त्यांची क्षमता कित्येक पटींनी वाढली, पण भिंतीतली तार तीच राहिली. आपल्या प्रश्नाचे मूळ नेमके येथे आहे.

शक्ती वेगळी, ऊर्जा वेगळी

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करू. किलोवॅट हे शक्तीचे, म्हणजे ऊर्जा देण्याच्या वेगाचे एकक आहे. किलोवॅट-तास हे ऊर्जेचे एकक आहे. वीजबिलात ज्याला 'युनिट' म्हणतात ते हेच. नळाची धार म्हणजे किलोवॅट, आणि टाकीत साठलेले पाणी म्हणजे युनिट, असे समजा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका कुटुंबाच्या गाडीची बॅटरी ३० युनिटांची आहे आणि गाडी एका युनिटात साडेसहा किलोमीटर जाते. घरातून ऑफिसला, ऑफिसातून घरी, वाटेत मंडई, मुलांची शिकवणी असे धरून रोजचा प्रवास ४० किलोमीटर होतो. तर बॅटरीतून रोज खर्च होणारी ऊर्जा :

४० ÷ ६.५ = सुमारे ६.१५ युनिट.

चार्ज करताना थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर भिंतीतून ६.१५ ÷ ०.९ = सुमारे ६.८ युनिट घ्यावे लागतील. यासाठी लागणारा वेळ असा :

२.३ किलोवॅटवर (१० अँपिअर) — सुमारे ३ तास.
३.३ किलोवॅटवर (सुमारे १४.५ अँपिअर) — सुमारे २ तास.
७.२ किलोवॅटवर (सुमारे ३२ अँपिअर) — सुमारे १ तास.

गाडी रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत आठ तास उभीच असते. ज्या कामाला दोन तास पुरतात ते एका तासात झाले म्हणून झोपलेल्या मालकाला काय फरक पडणार?

याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. ३.३ किलोवॅटने आठ तासांत भिंतीतून २६.४ युनिट निघतील. त्यांतले सुमारे २३.८ बॅटरीत पोहोचतील, आणि तेवढ्यावर गाडी सुमारे १५५ किलोमीटर जाईल. म्हणजे साध्या, सावकाश चार्जरची एक रात्र पुण्याहून मुंबई गाठायला पुरते! पूर्ण रिकामी बॅटरी पूर्ण भरायला मात्र ३.३ किलोवॅटवर सुमारे १० तास आणि ७.२ किलोवॅटवर सुमारे पावणेपाच तास लागतात. परंतु रोज पूर्ण रिकामी बॅटरी घेऊन घरी येणारे किती असतात? 'पूर्ण चार्ज व्हायला किती तास?' हा प्रश्न सर्वजण विचारतात. त्यापेक्षा 'रोजचा खर्च भरून काढायला किती तास?' हा प्रश्न अधिक योग्य आहे.

साखळीतील सर्वांत लहान कडी

विजेच्या खांबापासून बॅटरीपर्यंत ऊर्जा एका साखळीतून येते. वीज कंपनीची जोडणी, मीटरपासून गाडीपर्यंतची तार, भिंतीवरची पेटी आणि गाडीतला चार्जर अशा या चार कड्या होत. ऊर्जा किती वेगाने पोहोचेल हे यांतल्या सर्वांत लहान कडीवर ठरते.

गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल, तर भिंतीवर २२ किलोवॅटची पेटी लावली, तरी गाडी ३.३ किलोवॅटच घेईल. जादा पैसे वाया! उदाहरणार्थ, २०२२ मध्ये आलेल्या टाटा टियागो या विजेच्या मोटारीच्या काही प्रकारांत ३.३ किलोवॅटऐवजी ७.२ किलोवॅटचा पर्याय ठेवलेला होता. म्हणजे एकाच नावाच्या दोन गाड्यांची भूक वेगवेगळी असू शकते. म्हणून पेटी घेण्यापूर्वी गाडीची माहितीपुस्तिका उघडून गाडीतला चार्जर किती किलोवॅटचा आहे आणि तो एक फेजचा की तीन फेजचा, हे पाहिले पाहिजे. ११ आणि २२ किलोवॅटच्या पेट्यांना तीन फेजची जोडणी लागते. घरात एकच फेज असेल, तर त्यांचा विचारच नको.

आता पहिली कडी. घरातल्या वीजबिलावर 'मंजूर भार' असा एक आकडा छापलेला असतो. तुमच्या घरचे बिल काढून तो वाचा. कित्येक घरांत तो एकदोन किलोवॅटच असतो. तेथे ७.२ किलोवॅटची पेटी लावणे म्हणजे दोन माणसांच्या सायकलवर आठ माणसे बसवणे. वीज कंपनीकडे अर्ज करून भार वाढवून घेता येतो, आणि तो घ्यावाच. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत घरी आणि कचेरीत खाजगी चार्जिंग करण्यास स्पष्ट परवानगी दिलेली आहे. तेव्हा हे काम चोरून किंवा जुगाड करून उरकण्याचे काही कारण नाही.

समजा, मीटरजवळचा मुख्य एम.सी.बी. ४० अँपिअरचा आहे. चार्जरचे ३२ अँपिअर, २ किलोवॅटच्या गीझरचे सुमारे ८.७, दीड किलोवॅटच्या वातानुकूलन यंत्राचे ६.५ आणि फ्रिज-दिव्यांचे १ धरा. बेरीज ४८ च्या वर जाते, आणि सारे एकाच वेळी चालले, की घर अंधारात! तेच चार्जर १४.५ अँपिअरचा असेल, तर बेरीज ३१ च्या आत राहते.

तार का तापते?

आता दुसऱ्या सूत्राकडे वळू. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या, १ मीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम असतो. लांबी वाढली की रोध वाढतो, जाडी वाढली की कमी होतो.

वायरमन 'अडीच एम.एम.ची वायर' म्हणतात तेव्हा त्यांना २.५ चौरस मिलिमीटर छेदाची तार अभिप्रेत असते. हा व्यास नव्हे. तिचा व्यास सुमारे १.८ मिलिमीटरच भरतो. समजा, मीटरपासून गाडी २० मीटरवर उभी राहते. प्रवाहाला जायला एक आणि परत यायला एक अशा दोन तारा लागतात. म्हणून हिशेबाची लांबी ४० मीटर. तेव्हा रोध :

०.०१७२ × ४० ÷ २.५ = सुमारे ०.२७५ ओहम.

या तारेतून १५ अँपिअर गेले, तर तयार होणारी उष्णता १५ × १५ × ०.२७५ = सुमारे ६२ वॅट. ती ४० मीटर लांबीत विभागली जाते, त्यामुळे काळजीचे कारण नाही. आता त्याच तारेतून ३२ अँपिअर नेऊ. प्रवाह दुपटीहून थोडा अधिक झाला. उष्णता मात्र ३२ × ३२ × ०.२७५ = सुमारे २८२ वॅट, म्हणजे साडेचार पट झाली! सूत्रातला वर्ग म्हणजे काय, ते येथे कळते. ही उष्णता भिंतीत पुरलेल्या नळीत, तासन् तास कोंडून राहते. तारेवरचे नेहमीचे पी.व्ही.सी.चे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. त्यापलीकडे ते मऊ पडते, पुढे कडक होऊन तडकते, आणि एके दिवशी तारेला तार भिडते.

याच जागी ६ चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर रोध सुमारे ०.११५ ओहम होतो, आणि ३२ अँपिअरलाही उष्णता ११७ वॅटवर येते. म्हणून चार्जरचा आकडा वाढवायचा असेल, तर तार आधी वाढवली पाहिजे.

येथे एक शंका येईल. 'आमचा गीझर तर वर्षानुवर्षे त्याच वायरिंगवर चालतो, मग गाडीने काय होणार?' उत्तर सूत्रातल्या शेवटच्या पदात आहे, ते म्हणजे वेळ. २ किलोवॅटचा गीझर पाऊण तासाच्या आत बंद होतो. इस्तरी तापली, की आपोआप बंद-चालू होत राहते. तार तापायला लागते तोच तिला विश्रांती मिळते. गाडी मात्र ओळीने दोन, पाच, दहा तास पूर्ण प्रवाह घेत राहते. आपल्या घरात इतका वेळ इतका प्रवाह घेणारी दुसरी वस्तू सहसा नसते.

सैल प्लग : घरातला छुपा शत्रू

तारेपेक्षाही मोठा धोका असतो तो जोडाच्या ठिकाणी. प्लगच्या पिना आणि सॉकेटमधल्या पितळी पट्ट्या एकमेकींना घट्ट धरून असतील, तर जोडाचा रोध नगण्य असतो. सॉकेट जुने झाले, पट्ट्यांची पकड ढिली झाली, त्यांवर काळा थर चढला, की रोध वाढतो. समजा, तो फक्त ०.१ ओहम झाला. १५ अँपिअर प्रवाहाला उष्णता होईल १५ × १५ × ०.१ = २२.५ वॅट.

आकडा लहान वाटतो ना? रेडिओ-दूरदर्शन संच दुरुस्त करणाऱ्याकडे जे सोल्डरिंग आयर्न असते तेही साधारण २५ वॅटचेच असते, आणि त्याच्या टोकावर कथिल वितळते! तेवढी उष्णता प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, रात्रभर कोंडून ठेवली तर काय होईल, याची कल्पना करा. शिवाय तापलेल्या पट्ट्यांची पकड अधिक ढिली होते, त्यामुळे रोध वाढतो, रोधामुळे उष्णता वाढते, असे हे दुष्टचक्र आहे.

'पण एम.सी.बी. आहे की! तो वीज तोडेल.' नाही, आणि हे नीट ध्यानात ठेवा. एम.सी.बी. आणि जुनी वितळतार दोन्ही फक्त प्रवाह किती आहे हे पाहतात. सैल जोडातून जाणारा प्रवाह तर ठरलेला १५ अँपिअरच असतो. उलट रोध वाढल्याने तो किंचित कमीच होईल. सॉकेट जळू लागले, तरी एम.सी.बी.च्या दृष्टीने सारे आलबेल असते! म्हणूनच प्लग गरम लागणे, सॉकेट पिवळट किंवा काळे पडणे, प्लास्टिक जळल्याचा वास येणे यांपैकी काहीही आढळले, तर मुख्य स्विच बंद करून चार्जिंग थांबवावे आणि वायरमनला बोलवावे.

एक्स्टेन्शन बोर्ड या कामासाठी कधीही वापरू नये. त्यामुळे जोडांची संख्या वाढते आणि तार बहुधा बारीक असते. तार वेटोळे करून ठेवली, तर ती अधिकच तापते. वेटोळ्याचे विद्युतचुंबक होते म्हणून ती तापते असे काहीजण सांगतात, ते बरोबर नाही. केबलमध्ये जाणारा आणि येणारा प्रवाह समान व विरुद्ध दिशांचे असल्याने त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ नाहीशी करतात. खरे कारण साधे आहे : एकावर एक बसलेल्या वेढ्यांतून उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही.

गाडीच्या अंगात वीज आली तर?

मोटार रबराच्या चाकांवर उभी असते, आणि रबर विद्युतरोधक आहे. काही बिघाडाने विद्युतभारित तार गाडीच्या धातूच्या अंगाला लागली, तर ती वीज जमिनीत जाऊ शकत नाही. ती वाट पाहत राहते. सकाळी अनवाणी उभे राहून कोणी दाराला हात लावला, की त्या माणसाच्या शरीरातून तिला वाट मिळते! हे टाळण्यासाठी अर्थिंगची तार असते. चार्जिंग चालू असताना गाडीचे अंग या तारेने जमिनीशी जोडलेले राहते.

दुसरे संरक्षण म्हणजे गळती ओळखणारा स्विच. वायरमन त्याला आर.सी.सी.बी. किंवा जुन्या सवयीने ई.एल.सी.बी. म्हणतात. त्याचे तत्त्व फार सुंदर आहे. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा एका चुंबकीय कड्यातून नेलेल्या असतात. दोन्ही प्रवाह समान असतील, तर कड्यात चुंबकीय क्षेत्र निर्माण होत नाही. थोडा प्रवाह जरी गळून जमिनीत गेला, तरी समतोल बिघडतो, कड्यावरच्या वेटोळ्यात विद्युतदाब प्रवर्तित होतो आणि स्विच उघडतो. घरगुती वापरासाठी ही मर्यादा ३० मिलिअँपिअर असते.

विजेच्या मोटारीच्या बाबतीत एक नवी अडचण येते. गाडीच्या आत एकदिश प्रवाह असतो. त्याची गळती उलट घरच्या तारांत आली, तर कड्यात स्थिर चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. फॅरडेचा नियम आठवा : बदलणाऱ्या क्षेत्रानेच दाब प्रवर्तित होतो. स्थिर क्षेत्राने काहीच होत नाही. एवढेच नव्हे, तर लोखंडी कडे त्या क्षेत्राने संपृक्त झाले, म्हणजे नेहमीची गळतीही त्या स्विचला 'दिसेनाशी' होते. पहारेकरी जागेवर असतो, पण त्याच्या डोळ्यांवर पट्टी! म्हणून चांगल्या चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची एकदिश गळती ओळखून वीज तोडण्याची वेगळी सोय असते. पेटी विकत घेताना किलोवॅटच्या आकड्यापेक्षा या सोयीची चौकशी अधिक महत्त्वाची आहे.

किती अँपिअर घ्यायचे, हे गाडीला कोण सांगते?

चार्जरच्या केबलमध्ये जाड तारांबरोबर एक बारीक संदेशतार असते. पेटी या तारेवर १२ व्होल्टचा दाब ठेवते. केबल गाडीला जोडली, की गाडीतल्या रोधामुळे तो ९ व्होल्टवर येतो. पेटीला कळते, गाडी आली. गाडी चार्जिंगला तयार झाली, की ती आणखी एक रोध जोडते आणि दाब ६ व्होल्टवर येतो. मगच पेटी मुख्य वीज सोडते. त्यामुळे नुसती केबल हातात धरली, तरी तिच्या टोकाला मुख्य वीज नसते.

याच तारेवर पेटी सेकंदाला १००० वेळा चढउतार करणारा चौकोनी तरंग पाठवते. प्रत्येक आवर्तनात दाब किती टक्के काळ वरच्या पातळीवर राहतो, त्यावरून गाडीला प्रवाहाची मर्यादा समजते. नेहमीच्या घरगुती मर्यादांत नियम असा आहे : टक्के × ०.६ = अँपिअर. म्हणजे १० टक्क्यांना ६ अँपिअर आणि ५० टक्क्यांना ३० अँपिअर. पुष्कळ पेट्यांमध्ये ही मर्यादा कमी करून ठेवता येते. ३२ अँपिअरची पेटी १० किंवा १६ अँपिअरवर चालवता येते, आणि पुढे मोठी गाडी घेतली, मंजूर भार वाढला, की ती वाढवता येते.

या संदेशाचा परतीचा मार्ग अर्थिंगच्या तारेतून असतो. म्हणून ती तार तुटली, तर संदेश थांबतो आणि चार्जिंगही थांबते. 'चार्जर खराब आहे' अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. खरे दुखणे असते ते घरच्या अर्थिंगचे. जुन्या घरांत सॉकेटचे तिसरे, मोठे छिद्र असते, पण त्याच्या मागे तारच नसते. अशा वेळी चार्जरला फसवण्याचे उपाय सुचवणारेही भेटतात. ते उपाय म्हणजे घरातल्यांच्या जिवाशी खेळ आहे. तिथे वायरमनकडून अर्थिंगच दुरुस्त करून घेतले पाहिजे.

शेजाऱ्यांचाही विचार

सोसायटीत हा प्रश्न एका घराचा राहत नाही. समजा, एका इमारतीत अशा २० गाड्या आहेत आणि प्रत्येकाने ७.२ किलोवॅटचा चार्जर लावला. संध्याकाळी सात वाजता सर्वांनी एकदम बटण दाबले, तर मागणी १४४ किलोवॅट! १०० के.व्ही.ए.चे रोहित्र ती भागवू शकणार नाही. पण प्रत्येक गाडीला रोज लागतात ६.८ युनिट. वीस गाड्यांचे १३६ युनिट झाले. ते रात्रीच्या आठ तासांत सारखे वाटून दिले, तर सरासरी मागणी फक्त १७ किलोवॅट भरते. म्हणजे खरी अडचण विजेच्या तुटवड्याची नाही, घाईची आहे. सावकाश चार्जर आणि रात्रीच्या वेळी ठरवून घेतलेली पाळी एवढ्याने ती सुटते.

मग निवड कशी करावी?

आता क्रमाने प्रश्न विचारू. रोज किती किलोमीटर आणि त्यासाठी किती युनिट? गाडी घरी किती तास उभी असते? गाडीतला चार्जर किती किलोवॅटचा? मंजूर भार किती? मीटरपासून गाडीपर्यंत अंतर किती, म्हणून तार किती जाडीची? अर्थिंग आणि गळतीसंरक्षण आहे का?

रोजचा प्रवास शंभर किलोमीटरच्या आत असेल, तर बहुतेक घरांना ३.३ किलोवॅट पुरेसे आहे. मात्र त्यासाठी मीटरपासून स्वतंत्र तार, स्वतंत्र एम.सी.बी., गळतीसंरक्षण, चांगले अर्थिंग आणि नवे, घट्ट पकडीचे १६ अँपिअरचे सॉकेट हवे. स्वयंपाकघरातल्या सॉकेटवर भागवू नये. भाड्याने चालणारी गाडी, रोज दीडशे किलोमीटरांहून अधिक प्रवास, फार मोठी बॅटरी किंवा घरात दोन गाड्या असतील, तर ७.२ किलोवॅटची पेटी योग्य ठरेल. तिचा एक फायदा वेगाहूनही मोठा आहे : ती भिंतीतल्या तारेला कायमची जोडलेली असते, त्यामुळे रोज काढण्या-घालण्याने ढिला होणारा प्लग मध्ये येत नाही.

अनेकजण आधी चार्जर घेतात आणि मग वायरमनला बोलावतात. आपण केलेला हिशेब याच्या उलट क्रम सांगतो : आधी गरज, मग तार आणि अर्थिंग, आणि सर्वांत शेवटी चार्जर. पैसे थोडे असतील, तर ते चार्जरच्या आकड्यावर न घालता तारेच्या जाडीवर घालावेत. घरात मोठ्यांची अशी चर्चा चालू असेल, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब तुम्ही मांडून दाखवा. मात्र सॉकेट उघडणे, तारा हाताळणे हे काम परवानाधारक वायरमनचेच आहे, ते तुम्ही करू नका.

स्वाध्याय

१. बॅटरी २४ युनिटांची आहे. ती २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत ३.३ किलोवॅटने चार्ज करायला किती वेळ लागेल? (कार्यक्षमता ९० टक्के धरा.)

२. गाडी मीटरपासून ६० मीटरवर आहे आणि प्रवाह ३२ अँपिअर आहे. ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत दाबाची घट किती? १० चौरस मिलिमीटरच्या तारेत किती?

३. जोडाचा रोध ०.०५ ओहम आहे. १५ अँपिअरला आणि १० अँपिअरला किती वॅट उष्णता निर्माण होईल?

४. पेटी गाडीला १६ अँपिअरची मर्यादा सांगते, तेव्हा चौकोनी तरंग किती टक्के काळ वरच्या पातळीवर असतो?

शिक्षकांनी वर्गात मुलांना आपापल्या घरचा मंजूर भार लिहून आणायला सांगावे आणि त्यावर कोणता चार्जर चालेल, याची चर्चा घ्यावी.

उत्तरे : १. सुमारे ४ तास ५० मिनिटे. २. सुमारे ११ व्होल्ट; सुमारे ६.६ व्होल्ट. ३. ११.२५ वॅट, ५ वॅट. ४. सुमारे २६.७ टक्के.